वाटेवरची डहाळी

अबहा, सौदी अरेबिया
१८ जानेवारी २०२५

भिकू भावोजी,

पाकिटावरचं नाव वाचून हे पत्र चुलीत घालायचं मनात आलं असेल, तर एवढं वाचून मग खुशाल घाला. तुमचा धाकटा भाऊ नागेश पंधरा दिवस झाले सापडत नाही. फोनवर सांगितलं असतं, पण माझा नंबर तुम्ही अडवून ठेवलाय. म्हणून इथल्या आमच्या ओळखीच्या हाशमभाईंचा पुतण्या शारीक सुट्टीवर दापोलीला निघालाय, त्याच्या हाती हे देते. तो तिथून पोस्टात टाकेल.

मी दर्शना. तुमच्या भाषेत घाटीण. आठ वर्षांपूर्वी नागेशनं माझ्याशी लग्न केलं आणि तुम्ही त्याला दार बंद केलंत. वरघाटची सून नको, एवढंच तुम्ही म्हणालात म्हणे. कारण मी त्याला कितीदा विचारलं, तो म्हणायचा, जाऊ दे, दादाचं डोकं तसलंच आहे. मला मात्र तुमचा राग आला तो आलाच, आणि अजून आहे. तरी लिहितेय, कारण डोंगरात नागेशचं पाऊल कुठे वळतं हे तुमच्याइतकं कुणाला ठाऊक नाही.

तो इथे रोपवेच्या दुरुस्तीवर आहे, मी एका दवाखान्यात रक्त तपासते. हे गाव उंचावर आहे. थंडी, धुकं, माकडं, सगळं आहे. गावापलीकडे जमीन एकदम तुटते आणि खाली तिहामाचा उष्ण प्रदेश, आपल्या कोकणासारखाच. वरून खाली उतरणाऱ्या घाटाला इथे अकबा म्हणतात. गाड्यांचा रस्ता अलीकडचा. त्याआधी गाढवं आणि उंट ज्या फरसबंद पायवाटांनी उतरायचे, त्या अजून आहेत, पण खालची गावं उठून गेल्यामुळे त्यांवर कुणी जात नाही. नागेश दर शुक्रवारी सायकल घेऊन घाटमाथ्यावर जायचा, तिथे ती बांधून पायवाटेनं उतरायचा. पुढच्या आठवड्यात तोच घाट गाडीरस्त्यानं सायकलवर चढायचा. मी कधी गेले नाही. शुक्रवारी मला झोप प्रिय.

हे वेड त्याला एका ऑस्ट्रियन इंजिनीअरनं लावलं. त्यानं जाताना आल्प्समधल्या घाटांचं एक कॅलेंडर याला दिलं. आमच्या स्वयंपाकघरात ते लावलंय. दर महिन्याला एक खिंड, बर्फ आणि वेटोळ्यांचा रस्ता. नागेश म्हणायचा, आधी इथले सगळे घाट पायाखाली घालतो, मग जूनमध्ये आपण दोघं आल्प्समध्ये. थोडं चालू, थोडं सायकलवर. तिथे म्हणे वाटेवरच्या दगडांवर लाल-पांढरा पट्टा मारलेला असतो. सगळ्या देशांतल्या माणसांना एकच खूण, आणि तिचा अर्थही एकच. त्याला याचं फार कौतुक.

३ जानेवारीला तो गेला तो आला नाही. सायकल माथ्यावर कठड्याला बांधलेली, हेल्मेट हँडलला. दुसऱ्या दिवशी सकाळी दिफा मदनीची, म्हणजे इथल्या बचाव दलाची माणसं आली. धुकं इतकं की शेजारचा माणूस दिसेना. पायवाटेला जिथे पहिल्यांदा दोन फाटे फुटतात तिथे सगळे अडले. तिथे उजव्या फाट्यावर मला अरअरची हिरवी डहाळी दिसली, वर पांढरा गारगोटीचा दगड ठेवलेला. अरअर म्हणजे इथलं सुरूसारखं झाड. नागेश मला सांगायचा, मी डहाळी ठेवत जातो, तू काळजी करू नकोस. मी ओरडलेच, इकडे गेलाय तो, ही आमची खूण आहे! मग त्यांनी सगळं शोधकाम उजवीकडे लावलं. ड्रोनही तिकडेच फिरवला. काही मिळालं नाही, आणि आठवड्यानं त्यांनी काम थांबवलं.

ती डहाळी मी घरी आणून पेल्यात ठेवलीय. अजून हिरवी आहे.

आईंना मी काही सांगितलेलं नाही. तुमची लेक क्षमा तिच्या मोबाइलवरून गुपचूप फोन जोडून द्यायची आणि दर रविवारी मायलेक बोलायचे, हे तुम्हाला आज कळत असेल तर कळू दे. पोरीवर ओरडू नका. तिच्या फोनवर हे सांगितलं असतं तर आईंच्या कानावर गेलं असतं, म्हणून कागद. मी आईंना म्हटलंय, तो वर डोंगरात कामावर आहे, रेंज नाही. त्या म्हणाल्या, त्याला म्हणावं कान झाकून घे.

लहानपणी तुम्ही दोघं घाटात हिंडायचात. तो वाट चुकला तर काय करतो? बसतो की चालत राहतो? एवढं कळवा.

दर्शना


अबहा
२५ जानेवारी

भिकू भावोजी,

पहिलं पत्र पोचलं की नाही देव जाणे. हे दुसरं मनीषच्या हाती देतेय, तो माझ्या दवाखान्यात एक्स-रे काढतो आणि सुट्टीत महाडला घरी निघालाय.

काल मी पुन्हा गेले. हाशमभाई सोबत होते. त्यांचं इथे गाड्यांच्या टायरचं दुकान आहे, नागेशची सायकल तेच नीट करायचे. पहिल्या फाट्याशी पोचलो आणि मी जागच्या जागी उभी राहिले. उजव्या वाटेवर अरअरची डहाळी होती. हिरवीगार, तोडल्या जागी चीक ओला, वर पांढरी गारगोटी. भावोजी, पहिली डहाळी माझ्या घरात पेल्यात आहे. मी स्वतः उचलून आणलेली.

हाशमभाई म्हणाले, गुराख्याच्या पोरानं ठेवली असेल. पण तिथे गुरं नाहीत, गुराखी नाही, आणि पोलीस म्हणतात खाली आता माणूसच राहत नाही. आम्ही उजवीकडे उतरलो. दुसऱ्या फाट्यावर डहाळी. तिसऱ्या फाट्यावर डहाळी. प्रत्येक वेळी गारगोटी वर, नागेश ठेवतो तशी, चपटी बाजू खाली. मला रडू आलं, आणि खरं सांगते, ते आनंदाचं होतं. तो आहे. पाय मोडला असेल, काही झालं असेल, पण हिंडतोय आणि मला वाट दाखवतोय असंच वाटलं. अन्न कुठलं, पाणी कुठलं, हे मी मनाला विचारू दिलं नाही.

एक गोष्ट मात्र विचित्र होती. इथली माकडं मोठी, आडदांड, माणसाच्या हातातली भाकरी ओढून नेतात. त्या वाटेवर ती बांधावर ओळीनं बसली होती आणि एकही आवाज करत नव्हतं. एक पिल्लू डहाळीपाशी आलं तर त्याच्या आईनं त्याला मानेला धरून मागे ओढलं. हाशमभाईंनी तेवढ्यात माझी बाही धरली.

"भाभी, ह्या बरा नाय. आपन परत जाव."

"तुम्ही घाबरलात?"

"हो, घाबरलो. तुम्हाला न्हाय वाटत भीती? मना तर घाम सुटलाय थंडीत."

तेवढ्यात खालून धुक्यातून घंटी वाजली. सायकलची. ट्रिंग, थांबून पुन्हा ट्रिंग. त्याच्या सायकलच्या घंटीचा आवाज मी झोपेतही ओळखेन. सायकल तर आमच्या घरी गॅलरीत उभी आहे. हाशमभाई कलमा म्हणायला लागले आणि मला जवळजवळ ओढत वर घेऊन आले.

घरी येऊन बघते तर सायकलच्या हँडलवर घंटी नाहीच. स्क्रू काढून नेलेली. मग आठवलं, पायी उतरताना तो ती खिशात घ्यायचा. धुक्यात वाजवली की माकडं बाजूला होतात म्हणे. म्हणजे खाली घंटी वाजवणारा तोच! हाशमभाईंना फोन करून सांगितलं. म्हणाले, भाभी, तीन आठवडं झाले. मी फोन ठेवून दिला.

पुढच्या शुक्रवारी जाणार. ते आले नाहीत तर एकटी.

दर्शना


अबहा
१ फेब्रुवारी

भिकू भावोजी,

एकटीच गेले.

हे पत्र कुणाच्या हाती द्यायचं ते ठरलं नाही. लिहिल्याशिवाय राहवत नाही म्हणून लिहितेय. इथे दुसऱ्या कुणाशी बोलले तर मला वेडी म्हणतील. तुमच्या दृष्टीनं मी आधीच वाईट आहे, त्यामुळे तुमच्याशी बोलायला सोपं जातं.

तिन्ही फाट्यांवर नव्या डहाळ्या होत्या. मी त्या वाटांनी उतरत गेले. तिसऱ्या फाट्यानंतर फरसबंदी संपते, एका बाजूला कातळ आणि दुसऱ्या बाजूला नुसतं पांढरं धुकं. मी हाक मारली. लग्नाआधी मारायचे तशी, नाव घेऊन. घंटी वाजली. मी थांबले की ती थांबायची, मी चालले की वाजायची, आणि दर वेळी थोडी पुढे. मी म्हटलं, अरे थांब ना, आले मी.

मग वाटेवर आडवी डहाळी दिसली. तिथे फाटा नव्हता, भावोजी. सरळ एकच वाट, आणि तिच्यावर आडवी डहाळी. एक नाही, चार-पाच, एकमेकींवर रचलेल्या, त्यांवर गारगोट्यांचा ढीगच. कुणीतरी घाईघाईनं रचावं तसं. मला वाटलं, इथेच असणार तो, जवळच. त्या ओलांडायला मी पाय उचलला आणि माझ्या पाठीवरच्या पिशवीचा पट्टा मागच्या झाडात अडकला. जोरात ओढ बसली. मी खाली बसले. पट्टा सोडवायला मागे वळले तर मागे झाड नव्हतंच. म्हणजे होतं, पण माझ्यापासून चांगलं हातभर लांब.

घंटी पुढून वाजतच होती. उन्हं उतरायला लागली होती, दोर नव्हता, म्हणून परत फिरले. भीती वाटली म्हणून नाही, हे लक्षात ठेवा. सात तारखेला दोर घेऊन जाणार आणि त्या ढिगापलीकडे बघणार. नागेश तिथेच आहे. इतक्या खुणा कुणी उगीच ठेवत नाही.

कॅलेंडरचं पान आज उलटलं. फेब्रुवारीची खिंड बर्फानं पूर्ण भरलीय, रस्ता दिसतच नाही.

दर्शना


अबहा
६ फेब्रुवारी

भिकू भावोजी,

तुमची चिठ्ठी आज दुपारी क्षमाच्या फोनवरून आली. कागदाचा फोटो काढून तिनं धाडला. मी दवाखान्यात होते, हातात कुणाच्या तरी रक्ताची नळी होती. ती खाली ठेवली आणि वाचलं. मग जिन्यात जाऊन पुन्हा वाचलं. तुमचे शब्द इथे उतरवून काढतेय, कारण हातानं लिहिल्याशिवाय ते माझ्या डोक्यात शिरत नाहीत.

"दोन्ही पत्रं मिळाली. पहिली गोष्ट, डहाळीच्या वाटेला जाऊ नको. आमच्या खालच्या बाजूला डहाळी ठेवतात ती वाट बंद करायला. पुढे कडा आहे, वाट तुटली आहे, मागच्यानं येऊ नये, म्हणून. जी वाट मोकळी, तीच खरी. तुम्हा वरच्या लोकांची रीत उलटी, गेलेल्या वाटेवर ठेवता, हे मला माहीत आहे. आमचे बाबा त्यानंच गेले. धुक्यात घाट उतरताना फाट्यावर तुमच्याकडच्या बाजारकऱ्यांची डहाळी होती. बाबांना वाटलं वाट बंद. ते दुसरीकडून गेले आणि कड्यावरून गेले. मी आणि नागेशनं त्यांना झोळीतून वर आणलं. म्हणून वरघाटचं माणूस माझ्या घरात नको होतं. नागेशला हे सगळं माहीत होतं. त्यानं तुला सांगितलं नाही, तुला वाईट वाटेल म्हणून. तो वाट चुकला तर बसतो. चालत नाही. मोकळ्या वाटेला बघ. एकटी जाऊ नको. भिकू."

आठ वर्षांत मला हे कुणी सांगितलं नाही! तुम्ही रागात गप्प, तो मायेनं गप्प, आणि मी मात्र माहीत आहे या थाटात डोंगरात उभी राहून इकडे इकडे म्हणून ओरडले. आमच्या गावी शाळेतल्या पोरांनाही कळतं, डहाळी म्हणजे इकडे गेलो, या. ते विचारायचं असतं हेच मला सुचलं नाही.

तो मला ये म्हणत नव्हता, नको येऊ म्हणत होता. दर शुक्रवारी मी आणखी खाली उतरत होते आणि तो आणखी एक डहाळी ठेवत होता.

मग घंटी वाजवून पुढे बोलावणारं कोण होतं, भावोजी?

उद्या हाशमभाई आणि बचाव दलाची माणसं घेऊन जातेय. डावीकडे.

दर्शना


अबहा
१६ फेब्रुवारी

भिकू भावोजी,

नागेश सापडला हे क्षमानं तुम्हाला सांगितलंच आहे. फोनवर मला बोलता आलं नाही. तुम्ही नंबर मोकळा केलात, पलीकडून तुमचा श्वास ऐकू येत होता आणि मी नुसती फोन धरून उभी राहिले. म्हणून बाकीचं लिहून, मधली दोन न धाडलेली पत्रं सोबत जोडून, गावी निघालेल्या मनीषच्या मोठ्या भावाकडे देतेय. आम्ही पोचायच्या आधी हे तुमच्या हातात पडावं आणि तुम्ही एकट्यानं वाचावं.

सातला सकाळी धुकं नव्हतं. पहिल्या फाट्यावर डावीकडे, मोकळ्या वाटेनं वळलो. ती वाट डोंगराच्या कुशीला धरून जाते, चांगली रुंद आहे. पुढच्या फाट्यावरही एका बाजूला डहाळी होती, दुसरी बाजू मोकळी. मोकळीनं गेलो. पुढे जुन्या शेतांचे दगडी बांध आहेत. त्यातला एक बांध ढासळलेला होता. त्याच्या खाली, एका कपारीत, तो पाठ टेकून बसला होता. उजवा पाय दगडांखाली. तुम्ही म्हणालात तसाच, बसलेला. पहिल्या फाट्यापासून फार लांब नव्हता. इतकं जवळ की आमच्या दवाखान्यातून मशिदीपर्यंत मी रोज तेवढं चालते.

आधी त्यानं त्या धोक्याच्या वाटा बघितल्या असणार, त्या एकेक करून बंद केल्या असणार, आणि मग खऱ्या वाटेला लागल्यावर तो बांध त्याच्या अंगावर आला. पाण्याची बाटली रिकामी होती. घंटी त्याच्या खिशात होती. भावोजी, ती मातीनं गच्च भरली होती. हाशमभाईंनी ती हातात घेऊन वाजवून बघितली, आतला दांडा हलेना. खाली दरीत वाजत होती ती कुठली घंटी, हे मला माहीत नाही आणि मी ते शोधणार नाही.

बचाव दलानं तिसऱ्या फाट्यापुढच्या वाटेवर ड्रोन नेला. जिथे डहाळ्यांचा ढीग होता तिथून पुढे वाट नाहीच. दोन पावलं, आणि मग सरळ खाली.

त्याला वर आणताना मी फाट्यांवर बघत होते. सगळ्या डहाळ्या वाळून तपकिरी झाल्या होत्या, बोट लावलं की भुगा होत होता, जणू महिनाभर उन्हात पडल्यात. बांधावरची माकडं आमच्यावर ओरडली, नेहमीसारखी, एकानं तर एका शिपायाची टोपी पळवली. घरी आले तर पेल्यातली डहाळीही वाळलेली.

आता मी जे लिहिणार आहे ते तुम्हाला दुसऱ्या कुणाकडून कळू नये. बांध पडल्यावर तो किती वेळ जगला असेल, हे मी डॉक्टरला विचारलं. मी त्याच कामात आहे, मला खोटं सांगून चालणार नाही, हे त्यालाही माहीत होतं. तो म्हणाला, एक दिवस, फार तर दोन. म्हणजे चार तारखेला सकाळी तो जिवंत असेल. त्या सकाळी मी पहिल्या फाट्यावर उभी होते, माझ्यामागे बचाव दलाची माणसं होती, दोर, स्ट्रेचर, सगळं होतं, आणि मी त्यांना उजवीकडे धाडलं. तो डावीकडे होता. कदाचित त्याला माझा आवाज ऐकू येत असेल. मी केवढ्यानं ओरडले होते.

तुमच्या वडिलांना आमच्याकडच्या डहाळीनं मारलं, आणि तुमच्या भावाला तुमच्याकडच्या डहाळीनं, माझ्या हातून. मी रोज हे स्वतःला सांगते आणि रोज माझा जीव जातो. तुम्ही म्हणाल, म्हणूनच मी म्हणत होतो वरघाटची सून नको. म्हणा. मी उलट उत्तर देणार नाही, आणि ज्यांनी मला ओळखलंय त्यांना ठाऊक आहे की हे माझ्यासाठी किती अवघड आहे.

एवढं मात्र मला समजतं, की तो गेल्यावरही मला कड्यापासून अडवत होता. तो माझ्यावर रागावला नव्हता. रागावला असता तर डहाळ्या ठेवल्या नसत्या. तुम्हाला हे वेडेपण वाटेल. हाशमभाईंना वाटत नाही.

कागदपत्रं झाली आहेत. त्याला घेऊन मी सव्वीसला मुंबईला उतरते, तिथून गाडीनं पोलादपूर, आणि तिथून तुमच्या वाडीपर्यंत. आईंना तुम्ही सांगा. मी सांगितलं तर त्या मला धीर द्यायला लागतील, आणि ते मला सोसणार नाही. त्यांना म्हणावं, कान झाकलेले होते त्याचे. खरंच होते. आईंनी विणलेली ती निळी टोपी.

काल मी शेवटची त्या घाटात जाऊन आले. पहिल्या फाट्यावर एक हिरवी डहाळी तोडली आणि उजव्या वाटेवर आडवी ठेवली, वर गारगोटी, चपटी बाजू खाली. तुमच्या रीतीनं. आता मला तीच रीत.

वाडीत आम्ही दिवसाउजेडी पोचू. त्याला खांद्यावरून माणसं आत नेतील, तो त्याच्या घरी येतोय, त्याला कुणी विचारायचं नाही. मी मागे अंगणात थांबेन. तुम्ही मला काही बोलू नका, या म्हणू नका, जा म्हणू नका, त्यातलं काही मला ऐकवणार नाही. फक्त मी उंबऱ्याकडे बघेन. तिथे डहाळी असेल तर तिचा अर्थ मला आता कळतो. मी तिला नमस्कार करेन आणि तशीच मागे फिरून घाट चढून माझ्या माहेरी जाईन.

उंबरा मोकळा असला, तर आत येईन.

दर्शना